फवारणीआधी नळाचा वार सांगा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा लागला की आपल्या जिल्हा पानावर गावोगावची एकच मागणी वाचायला मिळते : डेंग्यू वाढला, धूरफवारणी करा. मग ग्रामपंचायतीचे मशीन बाहेर निघते, त्यामागे पोरे धावतात, फोटो काढला जातो. मशीन गल्लीत शिरले की घरोघरी धूर नको म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. डेंग्यूचा डास त्या वेळी आतच बसलेला असतो, खुंटीवरच्या कपड्यांमागे नाहीतर खाटेखाली. शिवाय धुराने मरतो तो उडता डास. रांजणातल्या अळीला त्याचे काहीच होत नाही.

हा एडिस डास नालीत वाढत नाही, हे अजूनही लोकांना पटवून द्यावे लागते. नालीतला तो क्युलेक्स. हत्तीरोग त्याच्यामुळे पसरतो आणि पूर्व विदर्भाने तो रोग पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. तेव्हा उतार न काढता बांधलेल्या सिमेंटच्या नाल्यांबद्दल भांडायलाच हवे, पण ते भांडण वेगळे. एडिसला लागते घरातले साठवलेले, सावलीतले पाणी. त्याची मादी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी उपसले तरी अंडी तिथेच राहतात, सुकूनही कित्येक महिने तगतात आणि पाणी पुन्हा वर चढले की फुटतात. उबदार हवेत तिथून डास उडायला आठ-दहा दिवस पुरे होतात. म्हणूनच भांडे नुसते पालथे घालून भागत नाही, आतून घासावे लागते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. उन्हात ठेवलेल्या टिनाच्या डब्यातले पाणी इतके तापते की त्यात अळी टिकत नाही. पण त्याच घराच्या खिडकीत कुलर असतो. पाणी सतत उडून जात असल्यामुळे त्याची टाकी भर उन्हाळ्यातही गार राहते, जाळीमुळे आत सावली असते आणि भुसा कुजून अळ्यांना खायलाही मिळते. त्यात आपण रोज वरून बादलीभर पाणी ओततो, तळ मात्र हंगामभर कोणी पाहत नाही. जूनमध्ये पाऊस आला की बटन बंद होते आणि तळाचे चार बोटे पाणी तसेच राहते. टॉर्च मारून बघा, वळवळ दिसेल. पुढे तो कुलर न घासता माळ्यावर चढवला, तर कडेची अंडीही सोबत जातात.

पूर्वी हे शहरातले दुखणे मानले जाई. आता खेड्यातही स्लॅबची घरे, प्लास्टिकच्या टाक्या, कुलर आणि पंक्चरवाल्याच्या दुकानामागे टायरांचा ढीग आहे. आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे बेभरवशाचा नळ. आशाताई येतात, ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ म्हणतात. आमच्या शेजारच्या काकूंनी त्यांना सरळ विचारले, “पाणी फेकून देऊ त मंग पिऊ काय? नळ कवा येईन हे तुमी सांगता का?” काकूंचे काय चुकले? ज्या गावात नळ चार-पाच दिवसांनी आणि तोही न सांगता येतो, तिथे भरलेले टाके कोणी रिकामे करणार नाही. आशाताईंकडेही त्याला उत्तर नव्हते, कारण ते पाणीपुरवठ्याच्या हातात आहे.

म्हणून ग्रामपंचायतींनी नळाचा वार आधी ठरवावा, आदल्या संध्याकाळी भोंग्यावर सांगावा आणि कोरडा दिवस त्याच सकाळी ठेवावा. तळाशी उरलेले पाणी अंगणातल्या झाडांना जाईल, टाके व रांजण काथ्याने घासून होतील आणि तासाभरात ताजे पाणी भरता येईल. जिथे चार दिवसांआड नळ आहे, तिथे अळीचा डास होण्याआधीच भांडी घासली जातील. याला ना मशीन लागते ना औषध. मोठ्या सिमेंटच्या टाक्यात गप्पी मासे सोडावेत. पिण्याच्या रांजणात मासा कोणी सोडू देणार नाही, त्याच्या तोंडाला धोतराचे फडके घट्ट बांधले तरी चालते.

फवारणीवर बोलायला ग्रामसभेत सगळेच उठतात. येत्या ग्रामसभेत नळाच्या वेळापत्रकाचा ठराव कोणी मांडतो का, हे आपल्या वार्ताहरांनी जरूर टिपावे.

एक वाचक,
हिंगणघाट तालुका, जि. वर्धा