पक्या, घरात पिसवा झाल्यात बे

प्रिय पक्या,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं मला तुझ्या स्टेटसवरून कळलं, त्याच दिवशी फोन करणार होतो, मग दोन दिवस गेले, मग आठवडा, आणि मग इतका उशीर झाला की फोन करायचीच लाज वाटायला लागली. माझी तब्येत बरी, शुगर जिथं होती तिथंच, हिची पाठ आहे तशी. झालं तब्येतीचं.

आता खरं कारण. आमच्या घरात पिसवा झाल्यात. हसू नको. आणि हे बाकी कुणाला न सांगता तुलाच का लिहायलोय ते पुढं येईल, आपल्या मन्या बोक्याचं आहे.

कडकी आणि चटणी, आमच्या दोन मांजरी, तू बघितलेल्या नाहीस. चिमीनं आणल्या आणि नावंही तिनंच ठेवली, एक कडक भाकरीसारखी चपटी म्हणून कडकी आणि दुसरी शेंगाचटणीच्या रंगाची म्हणून चटणी. मला आधी कळलंच नाही आपण काय नाव ठेवू दिलं ते. आता कारखान्यात आठवड्याला चारच दिवस काम, पगार त्याच हिशोबानं, आणि ही दारात उभी राहून दहा वेळा ओरडते, "कडकी, ये गं". येणारच की.

दोघी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाहीत. म्हणून मला वाटायचं पिसवा वगैरे रस्त्यावरच्या मांजरांना. गौरी-गणपतीला आम्ही बार्शीला गेलो, नऊ दिवस घर बंद, मांजरं खालच्या अक्कांकडं. अक्कांच्या पायरीवर ते तांबडं कुत्रं झोपतं ते तुला माहितीय. परत आलो, कुलूप काढलं, बॅगा ठेवल्या आणि पाच मिनिटांत चिमी घोट्याला हात लावून नाचायला लागली. ही म्हणाली ढेकूण. सगळी गादी उलटीपालटी केली, ढेकूण एक नाही. मग मी शाळेचे पांढरे मोजे घालून खोलीभर फिरलो आणि खाली बघितलं तर मोज्यावर चार काळे ठिपके, बोट लावायला गेलं की गायब.

मांजरं झोपतात त्या चादरीवर चहा पावडरीसारखा चुरा पडलेला. ओल्या रुमालावर तो दाबला तर कडेनं तांबूस-तपकिरी डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे माझ्याच मांजरांचं वाळलेलं रक्त. ते बघून पोटात कसंतरी झालं रे.

मग सल्ले सुरू. अक्का म्हणाल्या डांबरगोळ्या ठेवा, कापूर जाळा. मेव्हणा म्हणाला लसूण चारा. कारखान्यातला वॉचमन म्हणाला मुंग्यांचा खडू आहे ना, सगळ्या घराला रेघ मारा, कशाला खर्च करता. अक्कांना वर प्लेगही आठवला, मी म्हणलं अक्का तो उंदरांवरच्या पिसवांनी पसरला, १८९६ ला मुंबईत, तर म्हणाल्या "मग उंदीर नाहीत का तुमच्यात?" तू इतिहासवाला, तू दे आता उत्तर.

एका खाजगी दवाखान्यात विचारलं तर दोघींचे मिळून १८०० सांगितले. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो आणि मेडिकलवाल्याकडं कुत्र्याच्या पिसवांची पावडर मागितली, स्वस्त होती. डबा हातात घेतला होता बे. पैसे काढणार इतक्यात काय वाटलं कोण जाणे, म्हणलं आधी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात विचारून येऊ, केसपेपरला कितीसे पैसे लागतात. तिथली डॉक्टरीण बाई एका म्हशीला मोकळी करून आली, हात पुसत माझं ऐकलं आणि एकदम म्हणाली, "कुत्र्याची पावडर मांजराला लावायची नाही. परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं काहींच्यात. कुत्र्याला चालतं, मांजराच्या लिव्हरला ते नीट मोडता येत नाही, त्यात चाटून चाटून सगळं पोटात जातं." मी विचारलं, लावली तर काय होतं. ती म्हणाली, आधी कान फडफडतात, मग अंग थरथरतं, लाळ गळते, झटके येतात.

पक्या, कान फडफडतात.

भवानी पेठेतल्या वाड्याची ती पायरी, १९९८, आपली दहावीची प्रिलिम. मन्या पायरीवर बसून कान उडवत होता आणि आपण हसत होतो, तू म्हणालास याला माशी दिसायलीय. पावडर मी आणली होती. काकांच्या शेडवरच्या कुत्र्याची, कागदात बांधून, खिशात घालून. तू नको म्हणाला होतास, आठवतंय का? "आधी विचारू की कुणालातरी" म्हणालास आणि मी तुला भित्रा म्हणलो. रात्री मन्या गेला आणि सकाळी आपण ठरवून टाकलं की मालक आण्णांनी दुधात विष घातलं. कारण काय, तर तुझा बॉल, माझा नेम, आण्णांची फुटलेली खिडकी. मग आपलं दोन महिने बोलणं बंद होतं ते कशावरून हे मला इतकी वर्षं काचेच्या पैशावरून वाटत होतं. आता वाटतं तुला तेव्हाच शंका आली होती आणि तू बोलला नाहीस. खरं सांग. त्या पावडरीत तेच होतं का दुसरं काही, आता कोण सांगणार, पण मी त्या बाईसमोर केसपेपर धरून नुसता उभा होतो. ती म्हणाली "अहो, मांजराचं वजन किती?"

वजन! घरी काटा नाही. दोघींना भाजीच्या पिशवीत घालून रद्दीवाल्याकडं नेलं. चटणी तीन किलो दोनशे, कडकी अडीच. रद्दीवाला म्हणाला, काय भाव द्यायचा?

बाईनं फिप्रोनिलचा स्प्रे लिहून दिला, वजनावरून किती वेळा मारायचा ते आकड्यात. बाटली मी आणि आमच्या फोल्डिंग खात्यातल्या एकानं अर्धी-अर्धी घेतली, त्याच्याकडं पण दोन मांजरं आहेत. हातमोजे घालून, खिडक्या उघडून, केस उलटे करत मारायचा आणि वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. चटणीनं माझ्या हातावर जो नकाशा काढलाय तो फोटो पाठवतो.

पण बाई म्हणाली मांजरावर दिसतात त्या मूठभर, बाकीचा संसार घरात असतो. अंडी मांजराच्या अंगावरून गळतात, त्यातून अळ्या निघतात, त्या तो काळा चुराच खातात आणि अंधारात शिरतात. आमच्या शहाबादी फरशीच्या सांध्या तू बघितल्यास, एकेक सांधीत अख्खं गाव मावेल. मग कोश. कोशाला धूळ चिकटते, औषध आत जात नाही, आणि आतली पिसू आठवडेच्या आठवडे बसून राहते, पावलांची थरथर आणि अंगाची ऊब लागली की बाहेर. म्हणजे आम्ही बार्शीला पुरणपोळ्या खात होतो तेव्हा त्या दारामागं आमची वाट बघत होत्या.

तर आता माझा रोजचा कार्यक्रम ऐक. जुन्या टूथब्रशनं सांध्या खरवडायच्या, बहिणीचा व्हॅक्युम फिरवायचा, पिशवी लगेच बाहेर नेऊन रिकामी. मग उवांच्या फणीनं दोघींना विंचरायचं, मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी जास्त, आणि फणी भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवायची. साबण पाहिजेच, नुसत्या पाण्यावर ती पठ्ठी तरंगते आणि उडी मारून परत येते. मी वहीत आकडे लिहितो, जन्म हिशोबात गेलाय. पहिल्या दिवशी चटणी ४१, कडकी १९. आठवड्यानं ६ आणि ४. मी अक्कांना पेढे द्यायच्या तयारीत, तर चौदाव्या दिवशी चटणी २३! हिनं वही बघितली आणि काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. बाई म्हणाली कोशातल्या निघायल्यात, विंचरणं सोडू नका, महिन्यानं स्प्रे परत.

मधे अजून एक. चादरीवर पांढरे शिताएवढे कण दिसले, मी चिमीला ओरडलो की गादीवर बसून भात खाते म्हणून. त्यातलं एक शीत हललं. पिसू चाटताना पोटात गेली की मांजराला टेपवर्म होतो, त्याचे तुकडे ते. जंताची गोळी, अजून खर्च. चिमी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, बरोबरच आहे तिचं.

सगळ्यात वांधा पाण्याचा. चादरी गरम पाण्यात धुवायच्या म्हणे, आणि नळ चार-पाच दिवसांनी. सोलापुरी चादर भिजली की किती जड होते ते पुण्यात टॉवेल वापरणाऱ्याला काय कळणार. आम्ही पाळ्या लावल्यात, एका पाण्याला मांजरांच्या चादरी, दुसऱ्याला आपल्या. फुकट एकच आहे, ते म्हणजे ऊन. गच्चीवर बारा ते चार गाद्या टाकतो. अळ्यांना कोरडं ऊन सोसत नाही, आणि आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात तर मीच अर्धा वाळलोय.

तुझं नवीन ऑफिस कसं आहे, लोनचं झालं का. काकूंना म्हणावं जिना चढू नका. दिवाळीला येणार असशील तर आधी कळव, मोजे पांढरे आण.

आण्णा अजून आहेत. परवा सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी बाकावर बसले होते, मला ओळखलं नाही. मी शेजारी बसलो, पाच मिनिटं. काय बोलायचं, तुमची काच आम्ही फोडली, आणि मांजर पण आम्हीच? उठून आलो. तू आलास की दोघं जाऊ का? एकट्याला मला जमणार नाही.

काल चटणी २, कडकी ०. नळाचा आवाज यायलाय, पहाटेचे साडेतीन, आज आपल्या चादरींची पाळी. ठेवतो.

तुझा,
बंड्या

ता.क. काकांच्या शेडवरचा तो डबा पिवळा होता का लाल? मला पिवळा आठवतोय. तुला काय आठवतं ते कळव.