बेडकाच्या थायमस ग्रंथीसाठी दिलेल्या सदोष अँटीबॉडीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: केराटिन हे प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीच्या माहितीपत्रकातील चुकीच्या दाव्याबाबत.

महोदय,

आमची प्रयोगशाळा झेनोपस लेव्हिस या आफ्रिकी बेडकाच्या थायमस ग्रंथीतील आधारपेशींचा अभ्यास करते. आपल्या माहितीपत्रकात 'झेनोपस: चाचणी केलेली' असे स्पष्ट छापलेले असल्यामुळेच आम्ही आपली अँटीबॉडी घेतली. प्रत्यक्षात ती या बेडकाच्या केराटिनला चिकटत नाही, असे आम्हाला खात्रीपूर्वक आढळले आहे.

थायमसमध्ये टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या लसीका पेशी) घडतात, पण त्यांना घडवण्याचे आणि पारखण्याचे काम बरेचसे अभिस्तर पेशींच्या, म्हणजे ग्रंथीतील आधारपेशींच्या, जाळ्याकडे असते. बेडकात हे काम दोनदा होते. बेडूकमाशाचा बेडूक होण्याच्या, म्हणजे रूपांतरणाच्या काळात थायमसमधील बहुसंख्य लसीका पेशी नाहीशा होतात, नव्या मूळ पेशी तिथे येऊन वसतात आणि प्रौढ शरीरात प्रथमच तयार होणारी प्रथिने 'आपलीच' म्हणून स्वीकारणाऱ्या टी पेशी नव्याने घडवाव्या लागतात. या उलथापालथीत अभिस्तर पेशींच्या जाळ्याचे काय होते, हा आमचा प्रश्न आहे. ऊतीला रंग देण्याच्या साध्या रंजनात हे जाळे लसीका पेशींच्या दाटीत झाकले जाते. अभिस्तर पेशींत केराटिनचे तंतू असतात आणि लसीका पेशींत नसतात, म्हणून आमचा सारा भरवसा केराटिनच्या रंजनावर होता.

बेडूकमाशाच्या डोक्याच्या आडव्या छेदात (पातळ कापात) डोळ्यामागचा थायमस आणि बाहेरची त्वचा एकाच काचपट्टीवर येतात. त्वचेचा बाह्यस्तर केराटिनने भरलेला असतो, त्यामुळे अँटीबॉडी चालत असेल तर निदान तो तरी रंगायलाच हवा. आमच्या छेदांत थायमस रंगला नाही आणि त्वचाही रंगली नाही. त्याच वेळी, त्याच द्रावणांत ठेवलेली उंदराची त्वचा मात्र ठळक रंगली. म्हणजे आमची पद्धत बरोबर होती आणि कुपीतील अँटीबॉडीही खराब झालेली नव्हती.

पाठवलेल्या छायाचित्रांत ग्रंथीच्या आवरणालगत दिसणारे तपकिरी कण आपल्या तांत्रिक प्रतिनिधींनी 'क्षीण सकारात्मक' ठरवले. प्राथमिक, म्हणजे केराटिन ओळखणारी आपली अँटीबॉडी न घातलेल्या काचपट्टीवरही ते कण तसेच आणि तितकेच दिसतात, कारण ते रंगद्रव्य पेशींतील मेलॅनिन आहे. उभयचरांच्या ऊतींवर काम करणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवले जाते. त्यानंतर आपल्या सूचनेप्रमाणे आम्ही सायट्रेट द्रावणात उष्णता देऊन पाहिली, विकराची (एन्झाइमची) प्रक्रिया केली, गोठवलेले छेदही वापरले. फरक पडला नाही.

अखेर आलेल्या उत्तरात, मानवी केराटिनशी असलेल्या अनुक्रमाच्या साम्यावरून ही अँटीबॉडी झेनोपसमध्ये चालेल 'अशी अपेक्षा होती', असे आपण लिहिले आहे. अपेक्षा आणि चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'अपेक्षित' असे छापले असते, तर आम्ही आधी एका छेदावर पडताळणी करून मगच नमुने वापरले असते. आता रूपांतरणाच्या ऐन भरातील, नियुकूप व फाबर यांच्या झेनोपसच्या वाढीच्या तक्त्यातील 58 ते 66 या अवस्थांमधील नमुने खर्ची पडले आहेत. ते प्राणी या अभ्यासासाठी मारले गेले होते, आणि छापील एका शब्दामुळे त्यांचा उपयोग झाला नाही, याचे आम्हाला पैशांच्या नुकसानीपेक्षा अधिक वाईट वाटते.

झेनोपसवर खरोखर चाचणी झाली असल्यास, नियंत्रण छेदांसह तिची छायाचित्रे व वापरलेल्या लॉटचा (उत्पादनाच्या तुकडीचा) क्रमांक आम्हाला पाठवावा. तसे नसल्यास माहितीपत्रकातील दावा त्वरित काढावा, ही अँटीबॉडी झेनोपससाठी घेतलेल्या सर्व ग्राहकांना लेखी कळवावे आणि आमची पूर्ण रक्कम परत करावी. बदली कुपी आम्हाला नको आहे. दुसऱ्या लॉटच्या कुपीचाही अनुभव तोच आहे.

सर्व काचपट्ट्यांची छायाचित्रे, पद्धतीची नोंद आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. उरलेली अँटीबॉडी माहितीपत्रकात सांगितलेल्या तापमानाला जपून ठेवली असून, आपल्याला तपासणीसाठी हवी असल्यास पाठवण्याची आमची तयारी आहे. उत्तर लेखी द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
संशोधक, उभयचर प्रतिकारशक्ती अभ्यास गट