विषय : ट्रेकिंगचे बूट डोंगरात का घातले, या तुमच्या प्रश्नाबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे, आज दुपारीच चौथ्यांदा वाचून दाखवला. बूट कोणते तेही ठाऊक आहे. खोक्यावर डोंगर तुम्हीच छापलाय.

जानेवारीत बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ला, तिथून नागेश्वरची गुहा आणि खाली कोकणात चोरवणे, अशी चाल होती. सगळं कोयना अभयारण्य. आत मुक्काम करता येत नाही, उजेड असेतो उतरावंच लागतं. नागेश्वरनंतरच्या उतारावर उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला, वाशिष्ठीतल्या मगरीसारखा. मधला थर ओल्या बिस्किटासारखा हातात आला. थोड्या वेळाने डावाही. सॅकचा पट्टा कापून बांधला आणि घसरत, बसत खाली आले. चोरवण्यात एका आजींनी सुंभ दिला. तो अजून शाबूत आहे.

आता आजचा फोन.

"मॅडम, बूट कुठे वापरले?"

"डोंगरात."

"वॉरंटी नॉर्मल वापरासाठी असते."

नॉर्मल म्हणजे काय, लग्नाला घालून जायचे का, असं मी विचारलं. (बोलायला नको होतं, पण बोलले.) मग सात मिनिटं बासरी ऐकवलीत. मग साहेब आले. "तुमचा पत्ता चिपळूणचा दिसतोय. तिकडे हवा दमट. त्याने सोल खराब होतो, कंपनी जबाबदार नाही." आणि वर, "कोकणातल्या कस्टमरनी काळजी घ्यायला हवी."

पार्सल पाठवताना हाच पत्ता चालला. पैसे घेताना हवा कोरडी असावी.

सोलमधल्या पीयूच्या (पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या) थराचा दमटपणाने कालांतराने भुगा होतो, न वापरताही होतो, हे इथल्या बूट दुरुस्त करणाऱ्याने बघताक्षणी सांगितलं. जिभेमागचं लेबलही त्यानेच दाखवलं : बनावट २०२० ची. मी घेतले गेल्या दिवाळीत. इतकी वर्षं गोदामात तुम्ही मुरवले आणि दोष माझ्या हवेला?

तुमचाच आधीचा जोड आठ वर्षं टिकला, म्हणून डोळे मिटून हा घेतला. डोंगरात वापरायचे नसतील तर खोक्यावरचा डोंगर तरी काढा.

पंधरा दिवसांत ६,४९९ रुपये परत हवेत. कूपन नको. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. माझा पत्ता तुम्हाला पाठ आहेच. रत्नागिरीला या, तिथलीही हवा दमट आहे. बूट जपून ठेवलेत, सुंभासकट.

एक ग्राहक, चिपळूण