चोरी कशाला म्हणतात, ते कॅसेटवाल्याला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला टीव्ही मालिकांवरचा लेख वाचला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतला सायकलींचा पाठलाग म्हणजे स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ चित्रपटाची सरळसरळ चोरी, असं त्यात एका ओळीत उरकून टाकलंय. चोरी या विषयात माझा थोडाफार अधिकार आहे, म्हणून हे पत्र.

रामबागेत मी बरीच वर्षं व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं देत होतो. ‘ई.टी.’ अमेरिकेत लागला १९८२ मध्ये आणि त्याची अधिकृत कॅसेट निघाली १९८८ च्या ऑक्टोबरात. माझ्या फळीवर ती त्याच्या आधीच दोन वर्षं होती! कुठून आली ते विचारू नका. एवढंच सांगतो की चित्राच्या खालच्या कोपऱ्यात कुणा प्रेक्षकाचं डोकं दिसायचं आणि मध्यंतराच्या सुमारास ते उठून बाहेर जायचं. याला चोरी म्हणतात, साहेब. पुढे कॅसेटींचा धंदा बसला तेव्हा त्याच गाळ्यात झेरॉक्सचं मशीन टाकलं. म्हणजे नकला काढणं काही सुटलं नाही.

गिऱ्हाइकाला चित्रपटाचं नाव घ्यायची गरज नसे. “भिया, वो सायकिल वाली देना,” बस्स. गणपतीच्या दिवसांत ओटल्यावर भाड्याचा रंगीत टीव्ही मांडून सगळी गल्ली तीच बघायची. महिना-दोन महिन्यांत ती कॅसेट एका ठरावीक जागी कामातून गेली. बाकी चित्र ठीक, पण पोरं सायकलींवरून पळतायत, पुढे पोलिसांनी रस्ता अडवलाय आणि सायकली अलगद हवेत उचलल्या जातात, नेमक्या तिथे पांढऱ्या रेघांचा पाऊस. व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवा, टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसा, काही उपयोग नाही. कारण साधं होतं. लोक तेवढंच मागे नेऊन पुन्हा बघायचे, पॉज करून ठेवायचे. पॉजमध्ये टेप थांबते, हेड मात्र फिरतच राहतं, त्याच बोटभर टेपवर घासत. कुठली कॅसेट कुठे झिजलीय यावरून लोकांचा जीव कुठे अडकलाय ते मला कळायचं.

(चंद्रावरून सायकल जाते ती जागा वेगळी आणि आधीची. तिथे नायक पोरगा एलियट एकटाच असतो, पुढच्या टोपलीत ई.टी., म्हणजे तो परग्रहावरचा पाहुणा. शेवटी सगळी पोरं उडतात तेव्हा मागे मावळता सूर्य असतो. आपल्या लेखात दोन्हींची खिचडी झालीय.)

आता ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका. ती लिहिणारे डफर बंधू जुळे, जन्म १९८४ चा. ‘ई.टी.’ थिएटरात लागला तेव्हा ते जगात नव्हतेच. पाहिला असेल तो घरी बसून, टेपवरच. माझ्या कॅसेटी झिजवणारी पोरं याच पिढीची. पहिल्या सीझनचा सातवा भाग नीट बघा. पोरं सायकलींवर, त्यांच्यासोबत प्रयोगशाळेतून पळालेली, नुसत्या मनानं वस्तू हलवणारी पोरगी इलेव्हन, मागे त्या प्रयोगशाळेच्या व्हॅनी, आणि समोरूनही एक व्हॅन अंगावर येते. ज्यानं ‘ई.टी.’ पाहिलाय तो खुर्चीवरून अर्धा उठतो: आता सायकली उडणार! सायकली जमिनीवरच राहतात. उडते ती व्हॅन, पोरांच्या डोक्यावरून कोलांटी खाऊन पलीकडे आदळते, आणि इलेव्हनच्या नाकातून रक्त येतं. ई.टी. पोरांना संकटावरून उचलून नेतो. ही पोरगी संकटच उचलून फेकते आणि त्याची झळ तिच्या अंगाला लागते. आपल्याला आधीचा चित्रपट आठवणार, हे धरूनच ती जागा रचलीय. चोर असा सगळ्यांना आठवेल अशा ठिकाणी हात घालत नाही.

चोरी झाली ती मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाची. १९०२ साली त्यानं चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसवलं. अमेरिकेत एडिसनच्या माणसांनी त्या चित्रपटाच्या प्रती काढून परस्पर विकल्या. म्हातारपणी मेलिएस पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवर खेळणी विकत बसायचा. एचबीओच्या १९९८ च्या ‘फ्रॉम द अर्थ टू द मून’ मालिकेच्या शेवटच्या भागात त्याच चित्रपटाचं शूटिंग पुन्हा उभं केलंय, अपोलो १७ या चांद्रमोहिमेच्या गोष्टीला लावून. एडिसनच्या माणसांनी केलं ते आणि हे, दोन्हींना एकच शब्द कसा वापरायचा?

तरी एक गोष्ट मलाही खुपते, तीही सांगतो. माझी नात सहावीत आहे. ‘सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेच्या १९९४ च्या एका भागात होमर अंतराळयानात तरंगत बटाट्याचे वेफर्स तोंडानं टिपत जातो, मागे स्ट्रॉसचा ‘ब्लू डॅन्यूब’. हे तिला पाठ आहे. मी हौसेनं तिला कुब्रिकचा १९६८ चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ लावून दिला. काळ्याभोर आकाशात स्थानक संथ फिरतंय, यान त्याच्याकडे निघालंय, तोच वॉल्ट्झ सुरू झाला, मी अगदी भारावलेला, आणि ही खो खो हसत सुटली. “आजोबा, वेफर्स कुठेयत?”

बराच वेळ मला काही बोलता आलं नाही. नक्कल आधी पोचली की असलच विनोदी दिसायला लागतं. लेखकाला ओरडायचंच असेल तर यावर ओरडावं.

तेव्हा विनंती एवढीच की अशी जागा आली की मूळ चित्रपटाचं नाव आणि साल तेवढं छापत जा. एखादं पोर तरी आधी ते शोधून बघेल. आणि पत्र लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, पण चंद्र-सूर्याची दुरुस्ती तेवढी राहू द्या.

आपला,
रामबागेतला जुना कॅसेटवाला
इंदूर