महायुद्धाची कारणं शिकवताना

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. हायस्कूलच्या पोरांना पहिल्या महायुद्धाची कारणं शिकवायचीत, तास मोजून चार, आणि तू विचारतोयस की साम्राज्यवाद, लष्करवाद, राष्ट्रवाद, गुप्त करार आणि शेवटी तात्कालिक कारण ही नेहमीची गाडी सोडून दुसरं काही करता येतं का. येतं रे, आणि करच. फोनवर बोललो असतो तर तू मध्येमध्ये तोडलं असतंस म्हणून लिहूनच टाकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती कारणं लिहून घ्यायला पाच मिनिटं पुरतात, पण ती लिहून झाली की पोरांना वाटतं युद्ध होणारच होतं. दारूचं कोठार होतं, ठिणगी पडली, उडालं, संपलं. मग त्यात माणसं कुठेयत? २८ जून १९१४ ला बोस्नियातल्या साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा, फ्रान्झ फर्डिनांडचा, खून झाला आणि ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला, म्हणजे बरोब्बर एक महिना गेला मध्ये. ठिणगीला महिना लागतो का? हाच प्रश्न टाक वर्गात पहिल्यांदा आणि गप्प बस थोडा वेळ.

साराजेव्होचा भाग पोरांना आवडतोच, सांग तो, पण एका तासाच्या वर नको. सकाळी कटातल्या चाब्रिनोविचने बॉम्ब टाकला तो मागच्या गाडीजवळ फुटला, मग टाउन हॉलचा कार्यक्रम उरकून फ्रान्झ फर्डिनांड म्हणाला जखमींना बघायला हॉस्पिटलला जाऊ, आणि रस्ता बदललाय हे ड्रायव्हरलाच कुणी सांगितलं नाही! गाडी चुकीच्या वळणावर थांबली ती नेमकी कटातल्याच गाव्रिलो प्रिन्सिपच्या समोर, आणि त्याने गोळ्या झाडल्या. प्रिन्सिप तेव्हा १९ वर्षांचा. विशीच्या आतला म्हणून तिथल्या कायद्याने फाशी झाली नाही, २० वर्षांची शिक्षा झाली आणि १९१८ च्या एप्रिलमध्ये क्षयाने तुरुंगातच गेला. तुझ्या पोरांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा, त्यामुळे वर्ग एकदम शांत होतो इथे. (आणि हो, तो सँडविच खात उभा होता ही गोष्ट पोरं नेटवरून घेऊन येतील, तिला काही पुरावा नाही, सरळ सांगून टाक.)

खरा मसाला पुढे जुलैमध्ये आहे. ५-६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितलं की तुम्ही काहीही करा आम्ही पाठीशी आहोत, हाच तो कोरा चेक, आणि जर्मनीचा सम्राट, कैसर विल्हेल्म, गेला बोटीने नॉर्वेला फिरायला. इकडे व्हिएन्नातसुद्धा एकमत नव्हतं, हंगेरीचा पंतप्रधान टिसा सुरुवातीला युद्धाला नको म्हणत होता, त्याला वळवण्यात आठवडा गेला. त्यात सैन्यातले कितीतरी जण कापणीच्या रजेवर होते. शिवाय फ्रान्सचा अध्यक्ष प्वाँकारे तेव्हा रशियात झारकडे पाहुणा, म्हणजे दोघं तिथल्या तिथे बसून ठरवणार, म्हणून तो परतीच्या बोटीवर चढेपर्यंत थांबून २३ जुलैच्या संध्याकाळी सर्बियाला खलिता दिला. दहा मागण्या, ४८ तासांची मुदत. हे सगळं ठरवून केलेलं आहे बाबा, याला ठिणगी कसं म्हणायचं?

सर्बियाने जवळजवळ सगळं मान्य केलं, मुख्य अडलं ते सर्बियातल्या खुनाच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी बसणार याच्यावर. २८ जुलैला सकाळी कैसरने ते उत्तर वाचलं आणि कागदावर लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं, तेही तारेने. पोरं इथे अक्षरशः ओरडतात, की सर मग त्याने थांबवलं का नाही. हेच तर पाहिजे ना आपल्याला.

दुसऱ्या तासाला पाच गट कर, व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस, लंडन. प्रत्येक गटाला एकेका तारखेपर्यंत त्या राजधानीत जेवढं माहीत होतं तेवढंच कार्डावर दे, पुढचं अजिबात नको. मग विचार, आज काय करणार. सेंट पीटर्सबर्गचा गट सगळ्यात जास्त भांडतो. रशियाच्या झार निकोलसने २९ जुलैला पूर्ण सैन्य हलवायचा हुकूम दिला, रात्री कैसरची तार आली म्हणून मागे घेतला आणि ३० ला सेनापती आणि परराष्ट्रमंत्री साझोनोव मागे लागले तेव्हा परत दिला. सेनाप्रमुख तर म्हणाला होता की यावेळी हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोनच फोडून टाकेन, म्हणजे रद्द करायला कुणी फोनच करू शकणार नाही 😄 हे सांगितलंस की लष्करवाद वेगळा शिकवायला लागत नाही. बर्लिनच्या गटाला १ ऑगस्टचा सीन दे, कैसर म्हणतो फ्रान्सला सोडा, सगळं सैन्य रशियाकडे वळवा, आणि त्याचा सेनाप्रमुख मोल्ट्के म्हणतो शक्य नाही, लाखो लोकांचं रेल्वेचं टाइमटेबल ठरलंय. सम्राटाच्या तोंडावर रेल्वेचं टाइमटेबल!

करारांबद्दल मात्र पोरांना एक उलटा प्रश्न नक्की घाल. करारांमुळे सगळे ओढले गेले असं गाइडात असतं ना, मग इटली? १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात, १९१४ ला तटस्थ राहिली आणि १९१५ ला चक्क समोरच्या बाजूने उतरली. आणि ब्रिटनवर फ्रान्ससाठी लढायचं असं कुठल्याच कराराचं बंधन नव्हतं तरी तो उतरला, निमित्त जर्मनी बेल्जियममध्ये घुसल्याचं, बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहाचं. साम्राज्यवादाचंही तसंच. वसाहतींवरून १८९८ ला सुदानमधल्या फशोदाला ब्रिटन आणि फ्रान्स युद्धाच्या दारात होते, पर्शिया-अफगाणिस्तानवरून ब्रिटन आणि रशियाचं वाकडं होतं, आणि १९१४ ला हे तिघं एका बाजूला. तर मग ती कारणं खोटी का? नाही रे, त्यांनी रस्ते अरुंद केले, १९०८ ला ऑस्ट्रियाने बोस्निया घशात घातला त्याने आणि बाल्कन युद्धांनी रशियाला वाटायला लागलं की आता परत माघार घेतली तर तोंड दाखवता येणार नाही. पण अरुंद रस्त्यावरून चालायचं की नाही हे ठरवणारी माणसं होती, नावं आहेत त्यांची, तारखा आहेत.

दोष कुणाचा हा वाद शेवटच्या तासाला घे, निकाल देऊ नकोस. युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाच्या २३१ व्या कलमात जर्मनीवर जबाबदारी टाकली, मग मधल्या काळात सगळेच थोडे थोडे दोषी असं म्हणायची पद्धत पडली आणि १९६१ ला फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच परत जर्मनीकडे बोट दाखवलं, तिकडे केवढा गदारोळ झाला. माझं मत विचारशील तर व्हिएन्ना आणि बर्लिन जास्त, पण रशियाला मी सोडत नाही.

परीक्षेचं टेन्शन घेऊ नकोस, तारखांवर भांडलेली पोरं पाच मुद्दे आरामात लिहितात.

कार्डं टाईप करून ठेवलीयेत, उद्या मेल करतो, प्रिंट जाड कागदावर काढ. आणि लंडनच्या गटात वर्गातली सगळ्यात चळवळी पोरं देऊ नकोस, २४ जुलैपर्यंत त्यांच्या कार्डांवर आयर्लंडच्या होमरूलच्या, म्हणजे स्वराज्याच्या, वादाशिवाय फारसं काही नसतं, ती कंटाळतात आणि शेजारच्या पॅरिसला छळत बसतात.

तुझाच,
मास्तर दोस्त