रस्त्यावरचे मृत्यूही आपल्याच खात्याचे
मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

अपघातांवरचं पत्र वाहतूकमंत्र्यांना सोडून आपल्याला का? कारण मृत्यू कमी कसे करायचे, हे आपल्या खात्याला येतं. वाहतूकवाल्यांना तालांव, म्हणजे दंडाच्या पावत्या, देता येतात.

मलेरियाचंच घ्या. एक रुग्ण सापडला की आपली माणसं दारात हजर. शेजारपाजाऱ्यांचं रक्त तपासतात, पिंपं पालथी करतात, कुंड्यांखालच्या बशा आणि अंगणातल्या करवंट्यासुद्धा बघतात. बांधकामावरच्या मजुराला रक्त तपासून आरोग्य कार्ड घ्यावंच लागतं. आज गोव्यात मलेरियाने कुणी दगावलं तर ती पहिल्या पानाची बातमी होईल.

2023 मध्ये इथल्या रस्त्यांवर 290 माणसं गेली, आदल्या वर्षी 271. पंधरा-सोळा लाखांच्या राज्यात हे लाखामागे 18 च्या आसपास होतात. देशाची सरासरी 12.

हृदयविकाराने याहून कितीतरी जास्त जातात, मान्य. त्यांच्यासाठी झटका आल्याआल्या उपचार देणारा स्टेमी प्रकल्प आला, चांगलंच झालं. पण देशात 2022 मध्ये अपघातांत गेलेल्या 1,68,491 जणांपैकी दोन तृतीयांश 18 ते 45 वयाचे होते. त्याच वर्षी खून झाले 28,522. खुनाच्या जागी श्वानपथक येतं, ठसे घेतात, महिनोन्‌महिने तपास चालतो.

आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेला पोरगा दुभाजकावर आदळून गेला तर? पंचनाम्यात ‘स्वयंअपघात’ लिहायचं, फाईल बंद. दुभाजकाच्या टोकाला परावर्तक होता का, खांबावरचा दिवा पेटत होता का, पावसात डांबरावर गुरं बसली होती का, 108 ची रुग्णवाहिका किती वेळात पोचली, हे सगळं एका कागदावर कुठेच येत नाही. डोक्यावर हेल्मेट नसेल तर तेही लिहा. दुचाकीवाल्यांची वकिली मला करायची नाही. हेल्मेट कोपराला अडकवून फिरणारे आमच्याकडे ढिगाने आहेत.

बाळंतीण दगावली तर आपलं खातं त्या मृत्यूचं परीक्षण करतं. डॉक्टर, परिचारिका, घरची माणसं, सगळ्यांना विचारतं. तसंच परीक्षण प्रत्येक अपघाती मृत्यूचं व्हावं, एवढीच मागणी आहे. शवचिकित्सा आपल्याच इस्पितळांत होते, गंभीर जखमीही गोमेकॉत, म्हणजे आपल्याच गोवा मेडिकल कॉलेजात येतात, म्हणजे निम्मी माहिती घरातच आहे. उरलेल्या निम्म्यासाठी बांधकाम खात्याचा अभियंता आणि ठाण्याचा निरीक्षक यांना समोर बसवा. महिन्याच्या आत अहवाल. दिवसाला एकसुद्धा पडत नाही, त्यामुळे मनुष्यबळ नाही ही सबब नको.

पुढच्या अधिवेशनात पहिल्या तीन महिन्यांचे अहवाल पटलावर ठेवा, मृतांची नावं झाकून आणि रस्त्यांची नावं उघडी ठेवून. कुठल्या वळणावरचा दिवा किती महिने बंद होता हे छापून आलं, की बांधकाममंत्र्यांना पुढचा प्रश्न विचारायला आमदार आपोआप उभे राहतील.

आपला,
डिचोलीचा एक दुचाकीस्वार