दादा, जुन्या पिंपांचं विचारलं होतंस ना

तनुंडा, जुलै

दादा,

परवा फोनवर तू विचारलंस की तिकडे वाइनची जुनी पिंपं कितीला पडतात, हायवेवरच्या आपल्या ज्यूस सेंटरला टेबल म्हणून मांडू, आणि मी सांगतो सांगतो म्हणत फोन ठेवून दिला. तेव्हा खरंतर मी त्याच पिंपांपायी बोलणी खाऊन आलो होतो म्हणून विषय नको वाटला. आता सगळं लिहितो, आईला पण वाचून दाखव.

इथे ऑस्ट्रेलियात, बारोसाच्या या वाइनच्या खोऱ्यात, सध्या कडक थंडी आहे, सकाळी हाताची बोटं वाकत नाहीत, आणि वायनरीत, म्हणजे वाइनच्या कारखान्यात, माझं काम दिवसभर बॅरल म्हणजे तीच पिंपं धुण्याचं. एक बॅरल २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्या, आणि रिकामं असलं तरी आपल्या गव्हाच्या गोणीएवढं जड. आत ना खिळा ना गोंद, नुसत्या ओकच्या फळ्या आणि वर ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या. फळ्या वाकवायला पिंपाच्या आत जाळ करतात, तोच जाळ लाकडाला भाजतो आणि त्यातून तो व्हॅनिलासारखा वास येतो. मला तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपले सुतारमामाच आठवले, तापून लाल झालेली लोखंडी धाव चाकावर चढवून वर बादलीभर पाणी ओतायचे ना, फक्त इथे पट्टी थंडच ठोकतात.

नवीन फ्रेंच बॅरल १,५०० ते २,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जातं, म्हणजे आपले लाखाच्या आसपास धर. आणि महाग का तर ते लाकूड फ्रान्समधून येतं, त्रोंसे म्हणून एक जंगल आहे, सतराव्या शतकात कोल्बेर नावाच्या मंत्र्याने राजाच्या आरमाराच्या जहाजांसाठी राखलेलं. झाड दीडशे-दोनशे वर्षांचं झाल्याशिवाय तोडत नाहीत. आणि ते लाकूड करवतीने कापून चालत नाही, रेषेरेषेने फोडावं लागतं, नाहीतर गळतं, त्यामुळे अर्धंअधिक वाया जातं आणि एका झाडातून कशीबशी दोनच बॅरलं निघतात. मग त्या फळ्या दोन-तीन वर्षं उन्हापावसात नुसत्या रचून ठेवायच्या. आणि एवढं सगळं करून लाकडाचा वास किती टिकतो, तर तीन-चार वेळा वाइन भरली की संपला! नंतर ते नुसतं भांडं उरतं.

म्हणून भाड्याचा प्रकार निघाला. आपल्याकडे लग्नाला पातेली-पराती भाड्याने आणतात तसंच समज. कंपनी बॅरल विकत घेते, वायनरी दोन-तीन वर्षं हप्त्याने भाडं भरते, मुदत संपली की बॅरल परत. छोट्या वायनरीचा फायदा म्हणजे शंभर बॅरलांचा पैसा एकदम अडकत नाही, कारण रेड वाइन वर्ष-दीड वर्ष लाकडात बसून राहते आणि तोवर हातात दमडी येत नाही. परत गेलेलं बॅरल मग ज्याला लाकडाचा वास नकोच आहे अशा वायनरीला जातं, किंवा आतून काही मिलिमीटर तासून परत भाजतात, नाहीतर व्हिस्कीवाले नेतात. मेलबर्नला स्टारवर्ड म्हणून व्हिस्कीची कंपनी आहे, ते बहुतेक रेड वाइनच्या बॅरलात व्हिस्की मुरवतात. अमेरिकेत तर उलटीच गंमत, तिकडच्या बर्बन नावाच्या व्हिस्कीसाठी आतून जाळलेलं नवीनच पिंप पाहिजे असा कायदा, मग एकदा वापरलेली पिंपं जहाजं भरून स्कॉटलंडला जातात.

आता माझं मत विचारशील तर भाड्याने घेतलं म्हणजे झाड वाचलं असं नाही हां. दर तीन वर्षांनी परत नवीनच मागवलं तर झाड पडणारच. वाचतं कधी, तर पुढचा घेणारा खरंच ते पिंप वीस वर्षं चालवतो तेव्हा. इथे जवळच सेपेल्ट्सफील्ड म्हणून जुनी वायनरी आहे, तिथे १८७८ साली बेनो सेपेल्टने एक पिंप बाजूला ठेवलं, शंभर वर्षं हात लावायचा नाही म्हणून, आणि तेव्हापासून दर वर्षीची गोड वाइन ठेवत आलेत. तिथलं लाकूड काळंभोर झालंय, पण अजून कामाला आहे.

पण चालवायचं म्हणजे सांभाळायचं, आणि माझ्या घोड्याने तिथेच पेंड खाल्ली. भरलेल्या बॅरलाला फार त्रास नाही, लाकडातून वाइन थोडी थोडी उडते, आपण बेदाण्यात घट धरतो ना तशी, म्हणून वरून भर घालत राहायची. खरी कटकट रिकाम्याची. धुवायचं, पालथं घालून निथळू द्यायचं, आत गंधकाची चकती जाळायची, बूच मारायचं, आणि महिन्याभराने परत तेच. आई, तू लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देतेस ना अगदी तेच! आणि मी, द्राक्षावरच्या भुरीच्या बुरशीला गंधक धुरळत मोठा झालेला माणूस, मागच्या रांगेतली दोन बॅरलं विसरलो. पाच आठवड्यांनी बूच काढलं तर भस्सकन व्हिनेगरचा आणि नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. साहेब गुडघ्यावर बसला, नाक लावलं, उठला, आणि काही न बोलता बॅरलावर खडूने फुली मारली. ओरडला असता तर बरं झालं असतं, ते नंतर ऑफिसात झालंच म्हणा. तो आंबूसपणा लाकडात मुरतो, धुऊन जात नाही, आणि बॅरल भाड्याचं, कराराप्रमाणे चांगल्या अवस्थेत परत द्यायचं, त्यामुळे दोन्हींचे पैसे वायनरीला भरावे लागले. माझ्या पगारातून कापले नाहीत पण आता दर सोमवारी खडूने तारीख लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

ती दोन्ही मधोमध कापली, कुंड्या झाल्या. एक अर्धं मी उचलून आणलंय, कोथिंबीर पेरली आहे पण थंडीत उगवायला तयार नाही.

तर तुझ्या टेबलाचं. इकडून पाठवायचा विचारच सोड, बोटीचं भाडं मालापेक्षा जास्त होईल. आपल्या दिंडोरीकडच्या वायनरीत जाऊन विचार, त्यांच्याकडे पण वापरून झालेली असतात. घेताना बूच काढून आत नाक घाल. टेबलालाच पाहिजे तर वास कसाही चालेल, त्याच्यावरून भाव मात्र पाड. आणि उन्हात कोरडं ठेवू नकोस, लाकूड आक्रसतं आणि पट्ट्या घसरून खाली येतात, फळ्या मोकळ्या होतात, अधूनमधून पाणी मारत जा नाहीतर गिऱ्हाइकाच्या पायावर पडेल.

आबांना सांग रविवारी फोन करतो, तुमच्या दुपारी. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कुणीच लिहीत नाही.

तुझा
बंड्या